ठासणीच्या दुनळीने शिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं मूळ गाव सिंधुदुर्गात आणि सध्याचा मुक्काम उत्तर इंग्लंडमध्ये. हिवाळ्यात एका मित्राच्या शेतावर मी दुनळी ठासणीची बंदूक घेऊन फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या मागे फिरतो. गावी गेलो की ओटीवर बसल्या बसल्या प्रश्न सुरू होतात, आणि इंग्लंडातली मराठी मंडळीही जवळपास तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

ठासणीची बंदूक म्हणजे नेमकी कोणती?

जी तोंडाकडून भरतात ती. आजची बंदूक मध्ये मोडते, मागून काडतूस सरकवायचं, खट्कन बंद करायची. ठासणीच्या बंदुकीला मागे उघडणारं काही नसतंच. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, त्यावर पुन्हा बोळा, आणि हे सगळं लांब गजाने तळापर्यंत ठासायचं. म्हणून ठासणीची. आपण ‘ठासून सांगितलं’, ‘ठासून भरलंय’ म्हणतो तेव्हा हाच गज हातात असतो. ‘फुसका बार’ही याच घरातला.

मग १८५७ ची काडतुसं कसली होती?

हा प्रश्न हटकून येतो. ती एनफिल्ड रायफलही ठासणीचीच होती. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, तीत मोजून दारू आणि गोळी. पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने खाली दाबायची. गोळी सहज सरकावी म्हणून कागदाला चरबी लावलेली. दाताने फाडायची गरज नसती तर त्या चरबीवरून एवढं पेटलं नसतं.

तोड्याची, चकमकीची आणि टोपीची, यांत फरक काय?

फरक फक्त आग कशी लावायची याचा. तोड्याच्या बंदुकीत जळती वात असते. ती रंजकाला, म्हणजे नळीच्या कानाशी ठेवलेल्या बारीक दारूला, टेकवायची. चकमकीच्या बंदुकीत घोड्याला गारगोटी बसवलेली असते. ती पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या रंजकावर पडतात. टोपीच्या बंदुकीत रंजक नाही. बारीक पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की आतला स्फोटक ठिपका उडतो आणि ज्वाळा खुंटीच्या भोकातून थेट दारूपर्यंत जाते.

टोपीच्या मुळाशी युद्ध नसून बदकं आहेत. स्कॉटलंडात बेलहेल्वी नावाच्या गावी अलेक्झांडर जॉन फोर्सिथ नावाचे पाद्री होते, पाणपक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन. चकमकीच्या बंदुकीत रंजक भडकतं आणि मग क्षणभराने बार उडतो. तेवढ्यात पक्षी झगमगाट बघून बुडी मारायचे. पाद्रीबुवा वैतागले आणि आघाताने पेटणारी स्फोटक पूड वापरून बार पेटवणारं नवं यंत्र बनवलं. १८०७ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्या यंत्राचा आकार अत्तराच्या कुपीसारखा असल्याने ते त्याच नावाने ओळखलं जातं. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली, आणि १८४० च्या सुमारापर्यंत चकमक मागे पडली.

माझी टोपीची आहे. चकमकीची एकदा मित्राकडून घेऊन चालवली. चाप ओढल्यावर बार उडेपर्यंत बंदूक पक्ष्याबरोबर फिरवत राहायची असते. माझी थांबली, आणि फेझंट शेजारच्या शेतात निघून गेला.

१२ बोअर म्हणजे १२ काय?

एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची. नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून २० बोअर १२ पेक्षा बारीक. जुन्या ठासणीच्या बंदुका १४, १५, १६ अशा मधल्याच मापांच्याही सापडतात, आणि मग त्यांच्या बोळ्यांसाठी शोधाशोध करावी लागते.

भरायची कशी?

आधी गज नळीत सोडून बघा. जुन्या बंदुकीत कोणाच्या तरी आजोबांनी ठासलेला बार अजून बसलेला असू शकतो. गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवलेली असते. गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत काहीतरी आहे.

नळी रिकामी असली की दोन्ही खुंट्यांवर नुसत्या टोप्या उडवायच्या. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरायचं. पातं हललं तर वाट मोकळी, नाही हललं तर भोकात तेल किंवा काजळी अडकली आहे.

आता दारू. ती शिंगातून किंवा दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. आदल्या बाराची ठिणगी तळाशी उरली असेल तर मापाएवढीच दारू भडकेल. डबा ओतत असाल तर डबा हातात फुटेल. दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती, त्यावर चरबी किंवा तेल-मेण लावलेला मऊ बोळा, मग मोजून छर्रे, आणि शेवटी पातळ चकती. ती छर्रे बाहेर सांडू नयेत एवढ्यापुरतीच. गजाने सगळं नीट तळाला बसवायचं, मध्ये पोकळी राहू द्यायची नाही. बोळा दारूपासून दूर राहिला तर नळी फुगते किंवा फाटते. गज दाबताना मूठ आवळून तळहात त्याच्या टोकावर ठेवू नका, बोटांनी धरा. चेहरा आणि छाती नळीच्या तोंडावरून बाजूला.

टोपी सगळ्यांत शेवटी. बंदूक रानाच्या दिशेने धरल्यावरच.

गावी चकत्या कुठून आणणार? नारळाच्या सोडणाचा काथ्या चोळून त्याचा बोळा करायचा, ही कोकणातली पद्धत. कोणी वर्तमानपत्राचा कागद वापरायचे. दोन्ही जळत बाहेर पडतात. सुकलेल्या गवतात असा धुमसता बोळा पडला तर कातळावरचं गवत बघता बघता पेटतं.

दारू किती आणि छर्रे किती?

एकच माप दोन्हींना. मापभर दारू आणि तेवढेच मापभर छर्रे, आकारमानाने सारखे, वजनाने नव्हे. १२ बोअरसाठी नेहमीचा भार म्हणजे सुमारे ५ ग्रॅम दारू आणि ३२ ग्रॅम छर्रे. हलक्या जुन्या बंदुकीला त्याहून कमी.

नवख्यांचा समज असतो की दारू वाढवली की बंदूक लांब मारते. तसं होत नाही. जास्त दारूने छर्रे फाकतात, मध्ये मोठी भोकं पडतात आणि पक्षी त्यातून सुखरूप निघतो. खांदा तेवढा काळानिळा होतो.

हल्लीच्या काडतुसातली दारू चालेल का?

नाही. थोडीशीसुद्धा नाही. ठासणीच्या बंदुकीत सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारूच चालते, किंवा तिच्याऐवजी खास बनवलेली तत्सम पूड. आधुनिक धूरविरहित दारूचा दाब या नळीला झेपत नाही. नळी डाव्या हाताजवळ फुटते, आणि तो हात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

दुनळीत सर्वांत जास्त अपघात कशाने होतात?

एक नळी उडवल्यावर ती पुन्हा भरताना. उजवी उडवली, पक्षी पडला, आनंदात बंदूक टेकवली आणि उजवीत दारू ओतायला लागलात. डावी मात्र भरलेली आहे, तिच्यावर टोपी आहे, घोडा ताणलेला आहे, आणि नळीच्या तोंडावर तुमचा हात आहे. एकोणिसाव्या शतकात किती शिकाऱ्यांची बोटं अशी गेली! नियम एकच. भरायला बंदूक टेकवण्याआधी दुसऱ्या नळीची टोपी काढून खिशात.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे चुकून एकाच नळीत दोनदा भरणं. गप्पा मारत भरलं की हे होतं. मी भरताना कोणाशी बोलत नाही, आणि यावरून मला शिष्ट समजलं गेलं आहे. आणखी एक : उजवी चार-पाचदा उडवली आणि डावी तशीच ठेवली, तर धक्क्यांनी डावीतले छर्रे पुढे सरकतात. अधूनमधून गज सोडून डावीतला बोळा जागेवर आहे ना, ते बघायचं.

आणि चाप ओढून बार उडाला नाही तर बंदूक खाली करायची नाही. रानाकडे तोंड तसंच धरून मिनिटभर थांबायचं. उशिरा उडणारे बार असतात.

किती लांबून मारता येतं?

२५ यार्ड. ३० म्हणजे शेवट. आजच्या बंदुकांच्या नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात, त्याने छर्रे जवळजवळ राहतात. ही युक्ती १८७० च्या दशकात रुळली, तोवर ठासणीचा जमाना सरला होता. त्यामुळे जुन्या नळ्या टोकापर्यंत सरळ. कागदाचा मोठा ताव लावून आपल्या बंदुकीचे छर्रे किती अंतरावर किती पसरतात, हे मोसमाआधी पाहून घ्यावं. ज्याने पाहिलेलं नाही त्याच्याबरोबर मी रानात जात नाही.

खरं सांगायचं तर या बंदुकीची मजा याच मर्यादेत आहे. लांबचा पक्षी सोडावा लागतो, दुसऱ्यांदा भरायला मिनिटभर जातं, आणि दिवसभरात दहा-बारा बार झाले तरी खूप झाले. आधुनिक बंदूकवाले शेजारी तेवढे पाच मिनिटांत उडवतात.

धुरात काही दिसतं का?

नाही. पांढरा लोटच्या लोट समोर उभा राहतो. वारा तोंडावर असेल तर पक्षी पडला की गेला, हे कुत्र्याच्या वागण्यावरून कळतं. म्हणून बरोबर शिकवलेलं कुत्रं लागतंच. जखमी पक्षी झुडपात सोडून पुढे जाणं मला तरी चालत नाही.

कशाकशाची शिकार होते?

इंग्लंडमध्ये फेझंट, तितर, वुडकॉक, कबुतरं, ससे. मोसम कायद्याने ठरलेले : फेझंट १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, तितर १ सप्टेंबरपासून, ग्राउस १२ ऑगस्टपासून. रविवारी आणि नाताळच्या दिवशी या पक्ष्यांवर बार नाही, हा १८३१ चा कायदा अजून चालू आहे. अमेरिकेत खारी, ससे, ग्राउस आणि वसंतातला रानटर्की. टर्कीला झाडाला टेकून, त्याच्या मादीचा आवाज काढून जवळ बोलावतात. लांब न मारणाऱ्या बंदुकीला ही शिकार छान जमते.

जुनी खरी घ्यावी की नवी नक्कल?

पैसे मोजके असतील आणि बार उडवायचे असतील, तर नवी. इटलीत पेडरसोलीसारखे कारखाने टोपीच्या दुनळ्या बनवतात. पोलाद आजचं, सुटे भाग मिळतात, झोप शांत लागते.

पण जुनी एकदा हातात घेतली की मन बिघडतं. लंडनच्या जोसेफ मँटनने चकमकीच्या दुनळीला जो घाट दिला, तो आजच्या बंदुकीतही ओळखू येतो. त्याच्याकडे काम केलेल्या जेम्स पर्डीने १८१४ मध्ये स्वतःचं दुकान काढलं, ते नाव अजून चालू आहे. मँटनचं मात्र १८२६ मध्ये दिवाळं निघालं. त्या काळच्या बऱ्याच नळ्या ‘दमास्कस’ घाटाच्या : लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेल्या. पृष्ठभागावर लाटांसारखी नक्षी दिसते. नक्षीच्या मोहात पडू नका. दोन पिळांच्या सांध्यात गंज आत कुठवर गेला आहे, ते वरून दिसत नाही. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा, म्हणजे नळ्या बार उडवून तपासतात तिथला, ठसा बघा, नळीची जाडी जाणकार बंदूकसाजाकडून मोजून घ्या आणि शंका असेल तर पुन्हा परीक्षेला पाठवा. परीक्षेत नळी फुटली तर पैसे गेले, पण तिथे तुमचा हात नव्हता.

एका दुकानदाराने मला ‘अगदी उत्तम स्थितीत’ म्हणून विकलेल्या नळीत आत तीन खड्डे निघाले. ती आता भिंतीवर आहे.

इंग्लंडमध्ये परवाना लागतो का? अमेरिकेत?

इंग्लंडमध्ये जुनी बंदूक केवळ शोभेची म्हणून ठेवायची असेल तर लागत नाही. पण ती चालवायचा विचार असेल तर शॉटगन प्रमाणपत्र हवं, आणि काळ्या दारूसाठी पोलिसांकडून स्फोटकांचं वेगळं प्रमाणपत्र. दारू ठरावीक लाकडी पेटीत ठेवावी लागते. अमेरिकेत केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि काळ्या दारूच्या बहुतेक ठासणीच्या बंदुका ‘प्राचीन’ गटात मोडतात. मात्र राज्यांचे नियम वेगळे, आणि शिकारीचा परवाना तर हवाच.

शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आहे ना?

मुख्यतः पाणपक्ष्यांपुरती आहे. तळ्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. अमेरिकेत १९९१ पासून आणि इंग्लंडमध्ये १९९९ पासून पाणपक्ष्यांवर शिसं वापरता येत नाही. जुन्या नळीत पोलादी छर्रे घालू नयेत, ते नळीला आतून ओरखडतात. बिस्मथचे मऊ असतात, ते चालतात. फक्त महाग.

भारतात या बंदुकीने शिकार करता येते का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. ससा, तितर, लावा, रानकोंबडा, आपला राज्यपक्षी हरियाल, सगळे या बंदीत आले. ‘एक ससा मारला तर काय होतंय’ असं ओटीवर कोणी म्हटलं, की मी विषय बदलत नाही, कायदाच सांगतो.

मग कोकणात एवढ्या घरांत ठासणीच्या बंदुका कशा?

शेतीसंरक्षणासाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देता येतो. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचाही देता येतो. डुकरं एका रात्रीत भात लोळवतात, साळिंदरं कंद उकरतात, केडली, म्हणजे माकडं, नारळ-काजूवर हात साफ करतात. शेतातल्या माळ्यावर बसून रात्री एक बार हवेत काढायचा, ही पूर्वापार राखण. गंमत अशी की निवडणुका आल्या की बऱ्याचदा बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

म्हणजे परवाना असला की डुक्कर मारता येतं?

इथेच घोळ होतो. बंदुकीचा परवाना वेगळा, प्राणी मारायची परवानगी वेगळी. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. आणि त्यानुसार मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो, मटणाचे वाटे पडत नाहीत. गवा तर अनुसूची १ मधला, म्हणजे आणखी कडक संरक्षणातला.

शिवाय छर्ऱ्यांनी डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईच्या वाट्याला येतं. आणि काळोखात झाडी हलली म्हणून बार काढला आणि पलीकडे माणूस निघाला, अशा बातम्या आमच्याकडे अधूनमधून छापून येतात.

माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली. काय करू?

गज सोडून बघण्याच्या फंदात घरी पडू नका, ती भरलेली आहे असंच समजा. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. ‘शंभर वर्षांची आहे, म्हणजे पुराणवस्तू, परवाना नको’ असं सांगणारे भेटतील. कायद्यातली सूट जुनाट आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला आहे. जी उडू शकते तिला परवाना लागतो, मग ती पेशवाईतली का असेना.

गावठी बंदूक म्हणजे हीच का?

नव्हे. गावठी म्हणजे मिळेल त्या पाइपातून लपूनछपून बनवलेली, बिनपरवान्याची. ती पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त धोकादायक.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये परवाना लागत नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या, जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून सूट आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षं वाढवली. त्यांच्या कैलपोळ्द सणात आपल्या खंडेनवमीसारखी बंदुकांची पूजा होते. सूट बंदूक बाळगण्याची आहे, शिकारीची तिथेही नाही.

साफ कधी करायची?

त्याच दिवशी, कितीही दमलात तरी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि सकाळपर्यंत नळीत तांबूस थर चढतो. नळ्या काढून त्यांची मागची टोकं बादलीत बुडवायची, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचं, म्हणजे पंपासारखं पाणी आत खेचलं जातं. आधी साधं पाणी, मग कढत. कढत पाण्याने नळी तापते आणि आपोआप सुकते. मग तेलाचा हात. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघतं आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. आमच्याकडे हे काम मागच्या अंगणातच करायचं असा नियम आहे, बाहेर बर्फ असला तरी. कढत पाण्याची किटली मात्र स्वयंपाकघरातून मिळते.